तीन रायफली आणि एक हाकारा

अल सुलै, रियाध
१८ सप्टेंबर १९९०

प्रिय दत्ताराम,

तुला रामराम आणि तुळसाबाईंना सलाम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी वखारीच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो. संध्याकाळी इथे तांबूस धूळ उठते आणि समोरच्या गोदामांची पत्र्याची छपरं तिच्यात विरून जातात. मग थोडा वेळ वाटतं, पलीकडे आपली खाडी असेल. नसते. पण थोडा वेळ तरी वाटतं.

लढाईची खबर विचारलीस. इराकने कुवेत घेतल्यापासून खबर एकच, माणसं निघून चाललीत. उमैरने अल-खोबरचा फ्लॅट बंद केला आणि बायकोमुलांना घेऊन मुंब्र्याला सासऱ्यांकडे गेला. फोनवर म्हणाला, "अब्बा, तुम्हीपण चला." मागून नातू इंग्रजीत काहीतरी ओरडत होता, ते मला कळलं नाही. मुलाला सांगितलं तेच तुला लिहितो: पासपोर्ट मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, तिजोरीत आहे, आणि लढाई निवळेपर्यंत तो काही सोडत नाही. तेव्हा "कधी येतोस" हा तुझा दर पत्रातला प्रश्न तूर्त बाजूला ठेव.

त्यापेक्षा मला एक सल्ला दे. आमचा कफील अबू सालेम हा जुना शिकारी, हे तुला मागे लिहिलंच आहे. मी त्याच्याकडे सुतार म्हणून आलो, पण इथल्या कोरड्या हवेत रायफलींचे अक्रोडाचे दस्ते तडकतात. एकदा एक सांधून दिला, तेव्हापासून त्याच्या सगळ्या रायफली माझ्या हाती. अळशीचं तेल मीच चोळतो. आता तो घरच्या मंडळींना मोटारीने जेद्दाला नेऊन ठेवणार आहे, आणि वाटेत सोबतीला एकच रायफल घ्यायची म्हणतो. "जमाल, तीन काढून ठेव. त्यातली एक तू सांगायची."

आगाशे मास्तर बाकावर पट्टी आपटत वृत्तं घोकून घ्यायचे, आठवतं? तू तेव्हा खिडकीबाहेर बघायचास. मला या तिघींत तीच वृत्तं ऐकू येतात. पहिली जर्मन माऊझर, आपल्या दोघांपेक्षा वयाने मोठी. ती शार्दूलविक्रीडित! लांब, भारदस्त, मध्ये एक श्वास घेऊन पुढे चालणारी. कफीलने तिच्या अंगावर मूठभर रेती टाकली, तरी खिट्टी सरकायची ती सरकलीच. बाकी दोघींवर मी रेती टाकू दिली नाही. दुसरी चेकोस्लोव्हाकियाची ब्रनो, वर दुर्बीण लावलेली. ती आर्या; एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. पाच गोळ्या मारल्या तर पाचांवर चहाचा पेला उपडा ठेवता येतो. तिसरी ऑस्ट्रियाची मानलिखर, आखूड, लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत. ती अनुष्टुभ. छोटी, आणि कुठेही सहज बसणारी.

मी लाकडाचा माणूस. बार काढणारा तू. सांग, कुठली?

तुझा,
जमालुद्दीन


मु. कासारवेळ, जि. रत्नागिरी
१० ऑक्टोबर १९९०

जमाल्या,

तुझं पत्र तुळसाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भावोजींना बंदुकीत कविता दिसते, आणि तुम्हाला माझ्यात कधी भाकरीसुद्धा दिसली नाही." घे. तुझ्यामुळे सकाळी सकाळी ऐकून घ्यावं लागलं.

वृत्तंबित्तं तुझी तुला. रायफल निवडायची तर आखूडच घे, दुसरा विचार नको. लांब नळी करवंदीच्या जाळीत अडकली की डुक्कर तुझ्या तंगड्यांमधून निघून जातो आणि तू नळी सोडवत बसतोस. नेम नेम काय घेऊन बसलास? आपल्या रानात पुढचं झाड दिसत नाही, तिथे दुर्बीण लावून काय चंद्र बघायचा? आता राहिला भरवसा. तर पहिला बार फुकट गेल्यावर दुसरा निघाला पाहिजे, एवढंच बघ. माझ्या एकनळीत दुसरा बार नाहीच, म्हणून मी पहिला फुकट घालवत नाही. मालकाला सांग, कोकणातल्या दत्तारामाने सांगितलंय म्हणून.

इकडे भात कापणीला आलं तशी डुकरं उतरलीत. पण काळजी नाही. परवाच हाकारा झाला. वीसेक माणूस होतं. खालून डबे, थाळ्या, डफ, नुसता कल्ला. मी वळणावर बसलो होतो. एक दांडगा नर आला आणि लोळला. वाटे पडले. तुला डुकराचा वाटा चालत नाही, म्हणून आपल्या वाडीच्या रीतीप्रमाणे तुझ्या नावचा नारळ काढून ठेवलाय. नाल्याच्या वरच्या अंगाची तुझी जागाही कुणाला दिली नाही. सगळे म्हणतात, रान उठवावं तर जमाल्याच्या आवाजाने.

त्या मालकाच्या पाया पड, नाहीतर भांड, पण पासपोर्ट काढून घे. तू गेल्याला बारा वर्षं झाली. बिलकिसवहिनी गेल्या तेव्हाही तू आला नाहीस. मी बोललो नाही तेव्हा. आता बोलतो.

दत्ताराम


अल सुलै
५ नोव्हेंबर १९९०

प्रिय दत्ताराम,

तुझा सल्ला मी कफीलला शब्दशः सांगितला. त्याने करवंदीची जाळी म्हणजे काय ते विचारलं. मी हातांनी करून दाखवलं, काटे, फांद्या, अंधार. तेव्हा म्हातारा इतका हसला की डोक्यावरचा रुमाल सरकला. "अरे जमाल! माझ्या वाळवंटात तुझ्या मित्राने एक झुडूप दाखवावं, मी त्याला उंट देतो!" खरंच, दत्ताराम, इथे रान कुठलं? इथे नजर जाते ती जातेच, परत आणायला तिला काही नाही. अशा मुलखाला ब्रनोच हवी, हे मलाही कळायला हवं होतं. पण तुझं पत्र वाचताना मी मनाने करवंदीत होतो.

तरी तुझंच खरं झालं, ते कसं बघ. त्याची जीएमसी गाडी म्हणजे चाकांवरचं घर. म्हाताऱ्याने मला चालवणाऱ्याच्या जागी बसवलं आणि एकेक रायफल हातात दिली. "समज, कुणी आडवा आला. काढ!" माऊझर सीटच्या बाजूला ठेवली तर दार लागेना. ब्रनोची दुर्बीण हातब्रेकला आणि माझ्या बरगडीला लागली. मानलिखर मात्र मांडीजवळून अशी अलगद वर आली, जसं वर्गात मास्तरांनी विचारताच तोंडात आलेलं उत्तर. म्हातारा म्हणाला, "खलास. तुझा मित्र झुडपाबद्दल चुकला, पण गाडीबद्दल बरोबर." म्हणजे मोटारीचा आतला भाग हीच त्याची करवंदीची जाळी ठरली. तुझा सलाम त्याला पोचला, त्याचा तुला.

ते लोक गेले. वखारीचं काम बंद. दहा-बारा कारागीर होते, तेही पांगले. राहिलो मी आणि खोलीत बाकीच्या रायफली, त्यांना ग्रीस फासून कापडात गुंडाळलंय. गंमत बघ, एवढ्या हत्यारांत झोपतो, पण एकही घेऊन दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. माझ्यासारखा इकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर, असलेला परदेशी बंदुकीसकट दिसला तर थेट तुरुंगात. शेजारच्या गोदामाचा पहारेकरी वहाब, पेशावरचा, त्याच्याकडे निदान काठी आहे.

पासपोर्टचं विचारू नकोस. तिजोरीची किल्ली जेद्दाला गेली.

त्याऐवजी एक कर. तो हाकारा मला पुन्हा लिही, पण सविस्तर. कोण खालून निघालं, कोण वरून, कुणी काय वाजवलं, कोण घाबरलं. इथे आवाज नाही रे.

तुझा,
जमालुद्दीन


कासारवेळ
१ डिसेंबर १९९०

जमाल्या,

मागितलास तर घे.

सकाळी दव असतानाच निघालो. खालच्या अंगाने घाडीवाडीची पोरं, त्यांच्याकडे डबे. मधून मोहल्ल्यातली माणसं. शौकतने डफ घेतला होता, तो वाजवतो कमी आणि नाचतो जास्त. सोनू घाडी नेहमीसारखा सगळ्यांच्या मागे, आणि शिकार पडल्यावर सगळ्यांच्या पुढे. मी वळणावर दगडाला पाठ लावून. पहिली आरोळी झाली तशी आधी भेकरं निघाली, ती सोडली. मग रानकोंबड्या. मग जरा वेळ काही नाही. तो वेळ तुला माहीत आहे, आपला श्वाससुद्धा मोठा वाटतो. मग कारवीत खसपस झाली आणि काळा पाठीचा कणा दिसला. एक बार. तिथेच बसला.

सोनू म्हणाला, "बार माझ्या कानाजवळून गेला." मी म्हटलं, "तू पुढे आलास कशाला, वाट्यासाठी?" हसून हसून सगळे बसले.

आता तू यावंस म्हणून मी आणखी किती लिहू?

तुळसा म्हणते, इथे येऊन म्हातारपण काढा, तिथल्या वाळूत कशाला.

दत्ताराम


अल सुलै
२७ जानेवारी १९९१

प्रिय दत्ताराम,

तुझं पत्र आलं त्याला महिना झाला. उत्तर लिहायला बसलो की दुसरंच काही व्हायचं. आता लढाई लागली, रेडिओवर ऐकलंच असशील. इथे भोंगा वाजतो. वहाबने मला विषारी गॅसच्या भीतीने तोंडावर लावायचा रबरी मुखवटा आणून दिला. तो लावला की मी नांगर ओढणाऱ्या रेड्यासारखा दिसतो, असं तोच म्हणतो. खिडक्यांना चिकटपट्ट्या मारल्यात. दाराखाली ओला टॉवेल. आकाशात दोन प्रकाश, इराकचं क्षेपणास्त्र आणि त्याला पाडणारं, एकमेकांना भिडतात, आणि मग बऱ्याच वेळाने पत्रे थरथरतात. मला पहिल्यांदा भीती वाटली. नंतर भीतीचा कंटाळा आला, हे मी तुलाच लिहू शकतो.

अशा वेळी मी तुझा हाकारा वाचतो. शौकतने डफ घेतला, असं तू लिहिलंस. अरे, शौकत मस्कतला आहे. इथलं काम सोडून जाताना तो माझ्याकडे मुक्काम करून गेला, माझ्या हातची मासळी खाऊन गेला. आणि सोनू घाडी वारल्याचं तूच कळवलं होतंस, कुठल्याशा पावसाळ्यात. पण तू लिहिलंस तर शौकतने डफ वाजवलाच असेल आणि सोनू पुढे आलाच असेल. मी काही हरकत घेत नाही. मी ते पान तसंच पुन्हा वाचतो.

रायफलींना दुसऱ्यांदा ग्रीस लावलं. कालपर्यंत मनाशी तोलत होतो, नेमात कोण, भरवशात कोण, हाताळायला कोण. दस्ता पुसता पुसता हसू आलं. या तिघींत काय डावं-उजवं करायचं, दत्ताराम, समोर रान उठवणारंच कुणी नसेल तर?

चार ओळी रचल्या होत्या, वृत्तात. तुला आवडणार नाहीत म्हणून लिहीत नाही.

तुझा,
जमालुद्दीन


कासारवेळ
२२ फेब्रुवारी १९९१

जमालुद्दीन,

तुझा मुलगा येऊन गेला. घराची कौलं चाळून घ्यायला आला होता. चांगला पोरगा आहे. माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायला. मी त्याला म्हटलं, "तुझ्या बापाचा तो मालक कसला माणूस, म्हाताऱ्याला लढाईत अडकवून ठेवतो." पोराने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, कफीलने पासपोर्ट नोव्हेंबरातच अब्बांच्या हातात दिला. बाहेर जायच्या परवानगीचा शिक्का मारून. जाताना म्हणाला, 'जमाल, तू पण घरी जा.' पासपोर्ट अब्बांच्या स्वतःच्या पेटीत आहे. मला वहाबने फोनवर सांगितलं."

त्याच्यासमोर म्हटलं, असेल काहीतरी. तो गेल्यावर माझं डोकं फिरलं. तुळसा म्हणाली, "पत्र उद्या लिहा." मी आजच लिहितोय.

मेल्या, वरून आग पडतेय, दाराला फडकी लावून बसतोस, पेटीत शिक्का मारलेला पासपोर्ट, आणि मला लिहितोस किल्ली जेद्दाला गेली? कुणासाठी थांबलास? त्या लाकडाच्या दांड्यांसाठी? आम्ही इथे कोण लागत नाही तुझे?

आता माझंही ऐक. तू शौकतचं पकडलंस, पण मोठेपणाने सोडून दिलंस. सोडायची गरज नव्हती. हाकारा झालाच नाही. ऑक्टोबरात कळवला तो नाही, डिसेंबरात सविस्तर लिहिला तोही नाही. तीन वर्षं झाली, हाकारा म्हणून झालेला नाही. माणसं कुठे आहेत? घाडीवाडीत दोन घरांत दिवा लागतो. मोहल्ल्यात सगळ्या बाया आणि म्हातारे, तरणी माणसं सगळी तुमच्याकडे, आखातात. माझा पोरगा पंकज मुंबईत, तो गणपतीला येतो आणि फोटो काढून जातो. मी वळणावर एकटा जाऊन बसायचो, बंदूक मांडीवर घेऊन. रान उठवायला कुणी नाही. डुक्कर येतो तो माझ्या मागून, आरामात. दिवाळीच्या आधी बांधावरून घसरलो, मांडीचं हाड मोडलं. तेही तुला लिहिलं नाही. आता काठी घेऊन ओट्यापासून विहिरीपर्यंत. डुकरं अंगणात येऊन अळवाचे कांदे उकरतात आणि मी आतून शिव्या देतो.

वीस माणसं मी तुझ्यासाठी पत्रात गोळा केली. वाटलं, एवढा कल्ला ऐकून तरी येशील.

नारळ तेवढा खरा आहे. दरवर्षी ठेवतो. या वर्षीचा तुळसाने देव्हाऱ्याखाली ठेवला, त्याला कोंब आलाय.

दत्ताराम


अल सुलै
२१ मार्च १९९१

प्रिय दत्ताराम,

तुझं पत्र लढाई संपल्यावर मिळालं. रोजे सुरू झालेत. शिव्या दिल्यास ते बरं केलंस. रोज्यात मला उलट देता येत नाहीत.

तुझा एक प्रश्न आहे, कुणासाठी थांबलास. लिहितो. नोव्हेंबरात पासपोर्ट हातात आला तेव्हा मी पेटीसुद्धा भरली होती. मग वाटेतलं सगळं डोळ्यांपुढे आणलं. मुंबई, एसटी, फाटा, पायवाट, आणि आमचं दार. कुलूप उघडणारा मीच, आणि आत जाऊन दिवा लावणाराही मीच. इथे मी एकटा असतो, दत्ताराम, तर त्याला कारण असतं. परदेश आहे, लढाई आहे, माणसं पांगली आहेत. कुणालाही सांगता येतं. कासारवेळीत, आपल्याच ओट्यावर, बिलकिसशिवाय एकटा बसलो असतो तर त्याला मी काय कारण दिलं असतं? आणि तू तर लिहीत होतास की वीस माणसं आहेत, हसतात, वाटे पाडतात. तुमच्या त्या गर्दीत जाऊन एकटं वाटण्याची मला लाज वाटली. तू मला बोलावण्यासाठी जी गर्दी उभी केलीस, तिलाच घाबरून मी आलो नाही.

तुझं हे पत्र आलं, आणि गर्दी नाही हे कळलं. मोडकं हाड आहे, अंगणात डुकरं आहेत, तू आहेस. मला हायसं वाटलं. हे लिहायला बरं नाही, पण वाटलं.

अबू सालेम परत आलाय. मानलिखर एकदाही गाडीतून बाहेर काढावी लागली नाही म्हणतो. बाकीच्या सगळ्या बघितल्या, एकाही दस्त्याला तडा नाही. म्हणाला, "यांतली एक तुझी. घेऊन जा." मी म्हटलं, आमच्या विमानतळावर मला आणि रायफलीला वेगवेगळ्या खोलीत ठेवतील. त्यावर म्हणाला, "मग काय देऊ?" मी म्हटलं, जुना शिक्का मुदत टळून फुकट गेलाय, नवा दे. आज मारून आणला. ईदेला मी कासारवेळीत.

परवा दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, वखारीमागच्या मोकळ्या माळावर गेलो आणि आपली हाकाऱ्याची आरोळी दिली. पहिली घशातच फुटली. दुसरी बरी गेली. वहाब मुखवटा हातात घेऊन धावत आला. "क्या हुआ, जमालभाई? फिर शुरू हो गया?" मी म्हटलं, "नहीं भाई. घर जाना है, गला देख रहा था." त्याने मुखवटा खाली ठेवला. मग म्हणाला, "एक बार और करो." केली. मग त्यानेही त्याच्या डोंगरातली एक दिली. दोघे म्हातारे वाळवंटात ओरडत उभे. काही उठलं नाही अर्थात.

तर ठरलं असं. एप्रिलात काजूची बोंडं गळतात, डुकरं बागेत येतील. तुला मी आणि तुळसाबाई धरून वळणावर नेऊन बसवू, पाट टाकून. तू तुझी एकनळी घे. नाल्याच्या वरच्या अंगाने मी एकटा रान उठवत येतो. वीस माणसांचा आवाज माझ्याच्याने होणार नाही, तेव्हा डुक्कर कदाचित मला हसून तिथेच बसेल. पण मी येतो.

एक मात्र लक्षात ठेव. तुझ्याकडे बार एकच आहे आणि तो तू फुकट घालवत नाहीस, म्हणून सांगतो. झुडूप हललं की लगेच चाप ओढू नकोस. आधी हाक मार. बहुतेक मीच असेन.

तुझा,
जमाल्या